विल्मरचा उजवा हात

१२ नोव्हेंबर १९९५

रेनो,

फोन आपटलास म्हणून लिहितेय. कागद फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

आजच्या पेपरात, बेसबॉलच्या पानावर, तुझा फोटो पाहिला. नवी टोपी, आपल्या हेरॉन्स संघाचा नवा कोट, आणि खाली तुझं वाक्य: ‘पुढच्या मोसमासाठी आम्ही पिचरांची फळी हलकी केली आहे.’ हलकी! पहिल्या डावापासून बॉल फेकून सामना खांद्यावर घेणारे चार पिचर होते तुझ्याकडे. ड्वेन पेल्कीला नारळ दिलास. रस्टीला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात कोण तो जाडा फटकेबाज आणलास, ज्याला धावताना धाप लागते. आता उरले दोघं, त्यातला एक हॅन्सन, अजून मिसरूड नीट न फुटलेला. म्हणजे सगळा भार विल्मर ओबांदोवर. माणूस आहे तो रेनो, पंप नाही.

ड्वेन म्हातारा झाला म्हणतोस. पण डावखुरा आहे, डोकं शाबूत आहे, अवघड वेळी हात थरथरत नाही. असा माणूस सोडतात का कुणी? संघ तूच निवडतोस, मैदानावर तूच उभा करतोस, मग तुला ‘अरे, काय करतोयस’ असं विचारणारं कुणी उरलंय का तिथे? एक जण होता. त्यालाही काढलंस.

एमिलचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत आहे. ‘पिचिंग कोच एमिल कोवाच यांचा करार वाढवलेला नाही.’ त्याला ते टपालानं कळवलंस. तुझ्या दारातून कॉफीचा मग हातात घेऊन निघालास तर वाफ जायच्या आत आमच्या दारात पोचशील, एवढं अंतर. टपालानं! ज्याचे बॉल तू इतकी वर्षं कॅचर म्हणून झेललेस त्याला. तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला.

शनिवारी सौना तापवणार आहे. येऊ नकोस.

आयली


२७ डिसेंबर १९९५

रेनो,

नाताळला तू येशील असं वाटलं होतं. तुझ्यासाठी वेलदोड्याचा पाव केला होता, तो विल्मरनं संपवला. त्याला आमची थंडी सोसत नाही, पण आमचा पाव सोसतो.

संघानं त्याला आमच्याकडे राहायला दिलं तेव्हा मी कुरकुरले होते, आठवतं? आता वाटतं बरं झालं. घरात कुणाचा तरी आवाज असतो. मला ‘डोन्या’ म्हणतो. त्याच्या गावी, निकाराग्वात, वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. त्याची आई रविवारी फोन करते तेव्हा मी दोन शब्द बोलते, ती दोन शब्द बोलते, दोघींनाही काही कळत नाही आणि दोघीही हसतो.

एमिल बरा आहे. यंदा हरणांच्या शिकारीला गेला नाही, एवढंच. बंदूक मी शेजारच्या लेम्पीकडे ठेवायला दिलीय. घरात उगाच जागा अडते.

दिवसभर बसून असतो. पण रोज सकाळी विल्मरला घेऊन शाळेच्या जिममध्ये जातो, त्याचे बॉल झेलतो. त्याचा स्वतःचा हात सरळ होत नाही, गळ्याचं बटण मी लावून देते, तरी जातो. तू त्याला काढलंस हे त्याच्या डोक्यात शिरलेलं नाही, किंवा शिरलंय म्हणूनच जातो. परवा परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. मी विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. पोराचा बॉल डावीकडे सरकतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही.”

त्या दिवसापासून मी बघतेय, विल्मर काटा डाव्या हातात धरून जेवतो. मी काही बोललेले नाही. तुलाही मुद्दाम सांगायचं म्हणून हे लिहिलं नाही, ओघात आलं.

रस्टीबद्दल मात्र तू गाढवपणा केलास. हे मुद्दाम सांगतेय.

नव्या वर्षात तरी फोन उचल.

आयली


२ मार्च १९९६

रेनो,

हे तुला सांगणार नाही असा शब्द मी दिलाय, आणि तो मोडतेय. तेव्हा निदान नीट वाच.

मंगळवारी सकाळी मी कचरा टाकायला मागच्या दारी गेले. विल्मर पायरीवर बसला होता, अंगात नुसता बनियन, आणि उजवा हात कोपराच्या वरपर्यंत बर्फात खुपसलेला. दात वाजत होते. मला बघून उठायला गेला तर हात बाहेर काढताना तोंडातून आवाज निघाला. तसला आवाज मी गाय अडली की ऐकलाय, लहानपणी, आपल्या गोठ्यात. कोपर सुजलं होतं. करंगळी आणि शेजारचं बोट त्याला आपणहून हलवता येत नव्हतं, दुसऱ्या हातानं हलवत होता.

“डोन्या, कुणाला सांगू नका,” म्हणाला. “संघानं काढलं की इथे राहायची परवानगीही जाते. घरी मी काय तोंड दाखवू? मोसम सुरू होईपर्यंत उतरेल.”

“एमिलला माहीत आहे?”

तो बनियनवरचा बर्फ झटकायला लागला. म्हणजे माहीत होतं.

मी घरात येऊन एमिलच्या अंगावरच गेले. “तुला कळत होतं आणि तू गप्प बसलास? जा, आत्ताच्या आत्ता रेनोला सांग.”

“मी सांगितलं तर तो म्हणेल, नोकरी परत मिळवायला आलाय.”

“मग मी सांगते.”

“तू सांगितलंस तरी तेच म्हणेल. नोव्हेंबरात त्याला काय काय लिहिलंस ते आठव.”

मला आठवतं. त्यातला शब्दन्‌शब्द मनापासून लिहिला होता, आणि आता त्या शब्दांचीच अडचण झालीय. पण रेनो, हे त्यातलं नाही. हे रागानं लिहिलेलं नाही. त्याला डॉक्टरकडे ने. कुणी सांगितलं ते बोलू नकोस. संघातल्या सगळ्यांचीच तपासणी आहे म्हण, विम्याचं काहीतरी आहे म्हण, तुला थापा मारायला शिकवायला नको. आणि आठवड्यातून दोनदा त्याला उभं करायचा जो बेत पेपरात छापून आलाय तो मोडीत काढ. ड्वेनला परत बोलाव. अजून वेळ आहे.

तुझ्या पाया पडते असं मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही. समज, लिहिलं.

आयली


१९ मार्च १९९६

तुझं कार्ड मिळालं. ‘आयली, एमिलला काही बोलायचं असेल तर त्यानं स्वतः बोलावं. तुझ्या पेनातून नको.’ ते मी चुलीत घातलं.

पण त्याआधी तू जे केलंस ते कसं चुलीत घालू?

शनिवारच्या सरावात, सगळ्या पोरांसमोर, तू त्याला हाक मारलीस. “ओबांदो, तुझ्या घरमालकीणबाई म्हणतात तुझा हात दुखतो. दुखतो का?” असंच विचारलंस ना? हॅन्सननं मला सांगितलं. पोरं हसली म्हणे. काय उत्तर द्यायला हवं होतं रे त्यानं? “नाही, सर” म्हणाला. मग तू म्हणालास, “फिरवून दाखव.” त्यानं फिरवून दाखवला. आणि तू माझ्या नवऱ्याचं कारस्थान पकडलं म्हणून खूश होऊन घरी गेलास.

तो माझ्या घरी आला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं बशी धुऊन पालथी घातली, चादरीची घडी केली, सकाळच्या फराळाबद्दल आभार मानले. “डोन्या, तुम्ही शब्द दिला होता,” एवढंच म्हणाला. बॅग डाव्या हातात घेऊन तीन पोरं राहतात त्या लॉन्ड्रीवरच्या खोलीत गेला. तिथे स्टोव्हसुद्धा धड नाही.

एमिलनं जेवणाच्या टेबलावर मला विचारलं, “माझ्या नावानं भीक मागितलीस?”

“तुझ्या नावानं नाही मागितली.”

“त्यानं तसंच घेतलं.”

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आता जिममध्येही जात नाही. कुणाचे बॉल झेलायला जाणार?

तू, एमिल, विल्मर. तिघांपैकी एकही आज माझं तोंड बघायला तयार नाही, आणि मी खरं बोलले होते.


१४ मे १९९६

रेनो,

हे पत्र शांतपणे लिहायचं ठरवलंय, आणि सुरुवात तुला बरं वाटेल अशीच करते.

ड्वेनबद्दल तू बरोबर होतास. काल पेट्रोल भरताना भेटला. डुलुथच्या संघानं त्याला सरावाला बोलावलं आणि आठवड्याच्या आत परत पाठवलं. खांदा गेलाय. “रेनोला गेल्या ऑगस्टमध्येच दिसलं होतं, त्यानं मला सांगितलंही होतं,” म्हणाला. मला हे माहीत नव्हतं. तुझा तो जाडा फटकेबाजही मार देतोय म्हणे. सरावाच्या सामन्यात बॉल कुंपणापलीकडे, पार सरोवरात गेला. म्हणजे तिथेही मी तोंडावर पडले.

तेव्हा विल्मरबद्दलही ही बाई चुकतच असणार असं तुला वाटेल. मलाही वाटतं कधीकधी. काल एमिलला म्हटलं, तो उत्तर देणार नाही हे धरून म्हटलं, “आपण चुकत असू का रे?”

दोन महिन्यांनी बोलला. “देव करो,” म्हणाला.

रेनो, तू त्याला एकदा डॉक्टरकडे ने. कोपराचा आतला फोटो काढ. स्वच्छ निघाला तर रविवारी चर्चमध्ये, सगळ्यांसमोर उभी राहून तुझी माफी मागीन. हे सगळं एमिलच्या नोकरीसाठी चाललंय असं अजूनही वाटत असेल तर हे घे: आम्ही गाव सोडतो. एमिलच्या बहिणीकडे जाऊ. तुझ्या मैदानाच्या आसपास तो पुन्हा दिसणार नाही. हवं तर त्याच्या सहीनं देते. तो सही करणार नाही, पण मी करवून घेईन, कशी ते माझं मी बघेन.

आणखी एक. डिसेंबरात मी लिहिलं होतं की बंदूक जागा अडते म्हणून लेम्पीकडे दिली. जागा अडत नव्हती. एक दिवस तो गॅरेजमध्ये ती पुसत बसला होता, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि मी दोनदा जेवायला हाक मारली तरी त्यानं मान वर केली नाही. एवढंच पाहिलं मी. पण दिली उचलून. त्या हिवाळ्यात त्याला रोज सकाळी अंथरुणातून उठवणारी एकच गोष्ट होती, त्या पोराचे बॉल झेलणं. त्या पोराचा हात मोडला, तोही सगळ्यांच्या देखत, एमिलला आधीपासून माहीत असताना, तर माझ्या घरात काय होईल हे मला लिहायला लावू नकोस.

तू माझा भाऊ आहेस. आई गेली तेव्हा स्मशानातल्या चिखलात माझ्या बुटांवरचा चिखल तू तुझ्या रुमालानं पुसला होतास. तो माणूस अजून कुठे उरला असेल तर त्याला हे पत्र दे.

आयली


२ जून १९९६

रेनो,

काल तू खेळाडूंच्या बाकापुढच्या पायरीवर उभा होतास. तिथून तुला दिसलं सगळं, पण ऐकू आलं नसणार. म्हणून सांगते.

मी सामन्याला जाणार नव्हते. दुपारी एमिल दाढी करून बाहेर आला आणि म्हणाला, “बटण लाव.” मी लावलं. तिकिटं काढून आम्ही पहिल्या तळाच्या बाजूच्या लाकडी बाकांवर बसलो. लोक वळून बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, “कोवाच, बाहेरून कसं दिसतं रे?”

पहिला डाव विल्मरनं झकास काढला. मी मनात म्हटलं, चुकले, देवा, मी चुकले, किती बरं झालं. दुसऱ्यात नेम चुकत गेला, दोघांना फुकट पहिल्या तळावर सोडलं. तिसऱ्यात प्रत्येक बॉलनंतर तो हात मांडीवर आपटायला लागला, मुंग्या आल्यावर आपटतात तसा. तू पाहिलंस, रेनो. तू इतकी वर्षं कॅचर होतास. मला दिसलं ते तुला दिसलं नाही असं मला सांगू नकोस. तू हॅन्सनला तयार व्हायला सांगितलंस, पण विल्मरला थांबवलं नाहीस. अजून एक गडी, अजून एक, असंच चाललं असणार तुझ्या डोक्यात.

तेवढ्यात त्यानं फेकलेला बॉल फलंदाजाच्या पार मागून गेला. लोक हसले. एमिल उठला. मला वाटलं, घरी निघाला. तो कठड्यावर चढला. हात सरळ होत नाही त्याचा, पोटावर पडून पलीकडे गेला, पँट फाटली. लोकांना वाटलं पिऊन आलाय. शिट्ट्या सुरू झाल्या. अंपायरनं दोन्ही हात वर केले. आणि तो आपला चालत राहिला, न धावता, रोजच्या कामाला निघाल्यासारखा, विल्मर उभा होता त्या मधल्या उंचवट्यापर्यंत.

तिथे काय बोलणं झालं ते विल्मरनं मला रात्री सांगितलं.

एमिलनं पंजा पुढे केला. “बॉल दे, पोरा.”

“मला घरी पाठवतील.”

“हो. माझ्या घरी. चल.”

विल्मरनं हात पुढे केला, पण बॉल सुटेना. बोटं उघडतच नव्हती. तुला वाटलं असेल दोघांची ओढाताण चाललीय. एमिल त्याची बोटं सोडवत होता, एकेक करून. तोवर शिट्ट्या थांबल्या होत्या. कुणी समजून थांबलं की नुसतंच, मला माहीत नाही. मी उभी होते आणि तुझ्याकडे बघत होते. तू पायरीवरून हलला नाहीस. पोलीस एमिलला धरून घेऊन गेले तेव्हाही नाही.

त्याला मैदानावर कायमची बंदी घातल्याचं कळलं. ठीक आहे. त्यासाठी हे पत्र नाही.

विल्मरच्या कोपराच्या आतला, हाडं जोडणारा बंध तुटलाय. थोडासा चिकटून राहिलाय म्हणाले डॉक्टर, तोही कालपर्यंत किती दिवस टिकला याचंच नवल. ऑपरेशन मिनिआपोलिसला होईल. तेही तू त्याला संघात ठेवलंस तर. तू नाव कापलंस की ऑपरेशनही गेलं आणि इथे राहायची परवानगीही. हेरॉन्सची यादी परवा पाठवायची असते हे मला माहीत आहे. जायबंदी खेळाडूला यादीत ठेवलं तर एक जागा अडते आणि तुझ्याकडे पिचर आहेतच किती, हेही माहीत आहे. नोव्हेंबरपासून मी तेच तर ओरडतेय.

मी बरोबर होते हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही. शपथेवर सांगते, नाही ऐकायचं. तो आमच्या सोफ्यावर झोपलाय, हात उशीवर ठेवून. झोपेतसुद्धा कण्हतो. नाव कापू नकोस. एवढं एकच. नाव कापू नकोस रे.

आयली


२९ जून १९९६

रेनो,

बुधवारी दवाखान्यात मी तुझ्याशी धड बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि तुझ्यासमोर रडायची माझी तयारी नव्हती.

तू नाव कापलं नाहीस हे आम्हाला संघाच्या ऑफिसातल्या मुलीनं कळवलं होतं. पण तू स्वतः येशील असं वाटलं नव्हतं. इतकं लांब, गाडी चालवत. विल्मरला आत नेलं होतं आणि मी आणि एमिल भिंतीकडे बघत बसलो होतो. तू आलास, टोपी काढलीस, एमिलच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसलास. एमिलच्या गळ्याचं बटण सुटलं होतं. मी उठणार तेवढ्यात तू वाकून ते लावलंस, जणू रोजच लावतोस, आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागलास.

मग तू विचारलंस, “शुक्रवारी कुणाला उभा करू?”

एमिलनं मान वळवली नाही. “मला विचारतोयस?”

“इथे दुसरं कोण आहे?”

“आयली आहे.”

“तिला विचारलं तर शुक्रवार उलटून जाईल.”

तेव्हा मी कॉफी आणते म्हणून बाहेर गेले. कॉफी आणली नाही हे तुमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. दाराबाहेर उभी राहून ऐकलं. “हॅन्सनला उभा कर,” एमिल म्हणत होता. “पोरगा कच्चा आहे, पण त्याचा वळणारा बॉल सुधारलाय.” तू म्हणालास, “लांबचा सामना आहे, घाबरेल.” तो म्हणाला, “घाबरू दे.” मग आवाज चढले दोघांचे, आणि नर्सनं येऊन तुम्हाला गप्प केलं.

विल्मरबद्दल डॉक्टर काही कबूल करत नाहीत. वर्ष जाईल म्हणतात. पुन्हा फेकेल की नाही, फेकलं तर पहिल्यासारखं फेकेल की नाही, काहीच नाही. त्याच्या आईला हे फोनवर कसं सांगायचं याची तो दोन दिवस जुळवाजुळव करत होता. अखेर सांगितलं. ती काय म्हणाली ते त्यानं मला सांगितलं नाही, पण फोन माझ्या हातात दिला, आणि ती बाई रडत काहीतरी बोलत राहिली आणि मी हो हो म्हणत राहिले. त्याच्या बोटांत अजून जोर नाही. चमचा पडतो. कुणी बघत नाही असं वाटलं की तो मूठ वळून बघतो. मला ते बघवत नाही आणि मी बघत बसते.

काल संध्याकाळी तिघांनी रेडिओवर सामना ऐकला. हॅन्सननं दुसऱ्या डावातच सात धावा दिल्या. एमिल डोकं धरून बसला, पण रेडिओ बंद करू देईना. विल्मर सोफ्यावर पडल्या पडल्या हसला, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. “बॉस, तुम्ही त्याचं नाव सुचवलं होतं?” म्हणाला. एमिलनं त्याच्या दिशेनं उशी फेकली.

तेव्हा एमिलचा अंदाज साफ चुकला. तू घाबरेल म्हणालास, तसाच घाबरला पोरगा. हे मी स्वतःच्या हातानं लिहून देतेय.

मंगळवारी कुणाला उभं करायचं ते पुन्हा एमिललाच विचार.

आयली